धाकू मेस्त्रीचा कोपरा

धाकू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी महाडच्या बाजारपेठेत एका नारळवाल्याशी भांडत होतो. नारळ नासका निघाला होता आणि तो म्हणत होता, फोडल्यावर कसला परत घ्यायचा. मी म्हणत होतो, फोडल्याशिवाय नासका आहे हे कळणार कसं. दोघांचे आवाज चढले होते, बघे जमले होते आणि खरं सांगायचं तर मला थोडी मजाही येत होती. तेवढ्यात पोलादपूरहून आलेल्या एस.टी.चा कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला. आमच्या गावचे निरोप, औषधाच्या रिकाम्या बाटल्या, कधी फणस, सगळं त्याच्याच हाती येतं. "मास्तर, तुमचा मेस्त्री गेला काल दुपारी," तो म्हणाला, "त्यांच्या घरच्यांनी सांगायला सांगितलंय..." नारळवाल्यानं मुकाट्यानं दुसरा नारळ काढून माझ्या पिशवीत टाकला. पुढची गाडी मिळून, पोलादपूरला उतरून, तिथून दोन कोस चढून गावात पोचलो तोवर राखही निवली होती. उन्हाळ्याचे दिवस, दुखण्यानं पोखरलेला देह. थांबणार कोण आणि कुणासाठी? मला त्याचं तोंडही बघायला मिळालं नाही. त्याला आता महिना उलटला.

धाकू सुतार. गाव त्याला धाकू मेस्त्री म्हणे, मी धाक्या म्हणायचो. चौथीपर्यंत आम्ही शाळेत शेजारी शेजारी बसलो. मग मी मामाकडे महाडला शिकायला गेलो आणि मास्तर होऊन तिथंच चिकटलो. तो बापाच्या हाताखाली रंधा मारू लागला. चारचौघांत तो मला 'मास्तर' म्हणायचा, 'अहो-जाहो' करायचा, आणि दोघंच असलो की 'वामन्या'. मी तापट आणि घाईचा. तो इतका सावकाश की त्याच्या पंगतीला बसलं तर माझा हात वाळायचा. कुठलंही लाकूड हातात आलं की आधी ते गालाला लावायचा, डोळे मिटायचा आणि मग सांगायचा, याला अजून दोन पावसाळे हवेत, हे आतून गेलंय, हे चांगलं. एकदा मी शाळेची नवी पट्टी मोठ्या दिमाखात त्याला दाखवायला नेली. त्यानं एक डोळा मिटून तिच्या कडेवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "वाकडी हाय." मी म्हटलं, "सरकारी पट्टी आहे, छाप बघ." "सरकारी वाकडी हाय," तो म्हणाला. मी रागानं आठवडाभर त्याचं नाव काढलं नाही. मग एके दिवशी वर्गात फळ्यावर पट्टीनं रेघ मारली, पट्टी उलटी करून त्याच जागी दुसरी मारली, तर दोन रेघांच्या मध्ये पोट सुटलेलं दिसलं. हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

आता त्या पेटीबद्दल सांगायला हवं, कारण धाकूची शेवटची आठ वर्षं त्या पेटीनं खाल्ली. आमच्या गावदेवीची रूपं, म्हणजे चांदीचे मुखवटे, वर्षभर देवळात एका लाकडी पेटीत असतात. शिमग्याला पेटी उघडते, रूपं पालखीत चढतात, पाच दिवस पालखी घरोघर फिरते आणि मग रूपं पुन्हा पेटीत जातात. एकदा झाकण पडलं की पुढच्या शिमग्यापर्यंत पेटीला कुणी हत्यार लावायचं नाही. या पेटीला लोखंडाचा खिळा चालत नाही. लाकूड चिकटवायचा सरसही चालत नाही, कारण तो कातड्या-हाडांचा. (देवीला बोकड चालतो, सरस चालत नाही, का, ते विचारायची सोय नाही.) आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे, पेटीच्या चार बाजूंच्या चार फळ्या चार वाड्यांनी द्यायच्या. वरचा कोंड, खालचा कोंड, आमची मधली आळी आणि नदीपल्याडची वाडी. दर्शनी बाजूची फळी नदीपल्याडच्यांची, तो त्यांचा मान. कुणी कुठल्या झाडाची फळी द्यायची ते ज्यानं त्यानं ठरवायचं आणि सुतारानं येईल ती जोडायची.

जुनी पेटी धाकूच्या बापानं केलेली. ती वाळवीनं खाल्ली, तेव्हा नवी करायचं गावानं ठरवलं. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आसपासची ही गोष्ट. धाकूला काम मिळालं त्या दिवशी तो मला भेटायला महाडपर्यंत आला होता. कामाबद्दल एक अक्षर बोलला नाही. नुसता ओटीवर बसून चहा प्याला, दोनदा हसला आणि परतीच्या गाडीनं गेला. खिळा नाही, सरस नाही म्हटल्यावर सगळी भिस्त कोपऱ्यांच्या सांध्यांवर. या सांध्याला सुतार डवटेल म्हणतात. त्याचा बाप गोदीत काम करून आला तेव्हा हा शब्द आणि हे काम दोन्ही घेऊन आला. एका फळीच्या टोकाला पारव्याच्या शेपटीसारखे दात काढायचे, मुळाशी अरुंद आणि टोकाला रुंद. दुसरीच्या टोकाला ते नेमके बसतील अशा खाचा. एकदा मोगरीनं, म्हणजे लाकडी हातोडीनं, ठोकून बसवले की ओढून निघत नाहीत. मात्र दोन्ही फळ्या सारख्या वाळलेल्या हव्यात. एकीनं उद्या अंग चोरलं तर सगळा हिशेब फिसकटतो.

तीन वाड्यांच्या फळ्या दिवाळीपर्यंत आल्या. जुना, खणखणीत साग. आमच्या आळीची तर आमच्याच मोडलेल्या गोठ्याच्या तुळईतून कापलेली. नदीपल्याडची येईना. आदल्या शिमग्यात पालखी त्यांच्याकडे उशिरा नेली म्हणून ते रुसले होते, आणि उशीर करणाऱ्यांत आमचे चुलते पुढे होते. शेवटी शिमगा बारा दिवसांवर आला तेव्हा त्यांचे चार गडी वाजतगाजत फळी घेऊन आले. मी त्या दिवशी गावात होतो. ते गेल्यावर धाकूनं फळी उचलून गालाला लावली आणि डोळे उघडले ते माझ्याकडे बघतच.

"वामन्या, ही ओली हाय रे. म्हैन्यामागं झाड हुबं व्हतं ह्ये."

"मग?"

"मंग काय... आज बसंल. उन्हाळ्यात आकसंल. तू जाऊन सांग त्यांना, औंदा जुनीच पेटी दोरीनं आवळून घेऊ, फळी वरीसभर सावलीत ऱ्हाऊ दे. तू शिकलेला, तुजं ऐकतील. मी सांगितलं तर म्हनतील, सुतार आमच्या फळीला नावं ठेवतो."

माझी दुपारची गाडी होती. त्यातून आमच्या चुलत्यांचं नाव घेऊन नदीपल्याडच्यांनी मला तोंडावर चार शब्द सुनावले असते, ते मला नको होतं. हे दुसरं कारण खरं, पहिलं मी स्वतःला सांगायला वापरलं. मी म्हटलं, "धाक्या, बारा दिवस राहिलेत. आता फळी परत पाठवलीस तर पालखी नदीतच अडवतील. तू सुतार आहेस, तू तुझं काम कर. एवढ्या तेवढ्यानं काय होतंय? कोण बघायला बसलंय?" मला वाटलं, रागावेल, निदान शिवी तरी देईल. पण त्यानं फळी खांद्यावर घेतली आणि पडवीत नेऊन ठेवली. मी माझी गाडी पकडली.

शिमग्याला गेलो तेव्हा पेटी तयार होती. दोन हात लांब, हातभर रुंद, फूटभर उंच. मला सुतारकामातलं काही कळत नाही, पण त्या कोपऱ्यांवरून मी बोट फिरवलं तेव्हा कुठं एक फळी संपते आणि दुसरी सुरू होते ते बोटाला लागेना. डोळ्यांना फक्त लाकडाच्या रंगातला फरक दिसत होता. चारही वाड्यांची माणसं पेटीभोवती जमली, जो तो आपापल्या फळीला हात लावून बघत होता. नदीपल्याडचे रामजीबाबा, त्या वाडीतले सगळ्यांत वडील, ते म्हणाले, "मेस्त्री, बापाच्या वर कडी केलीस." धाकू मान खाली घालून उभा. मी त्याच्या कानाशी जाऊन म्हटलं, "बघ, उगाच घाबरत होतास." त्यानं दर्शनी फळीवर हात ठेवला.

वैशाखात फळीनं अंग चोरलं. दर्शनी बाजूच्या दोन्ही कोपऱ्यांवर दातांच्या बाजूला फटी पडल्या, आणि फळी उंचीला दोन दोऱ्यांनी कमी झाली. इंचाचे आठ दोरे, त्यातले दोन. एवढंच. पण झाकण बाकीच्या तीन फळ्यांवर टेकायचं आणि पुढून उघड्या ओठासारखी फट राहायची, उजव्या कोपऱ्यातून तर आतली चांदी चमकताना दिसायची. देवळात येणारा प्रत्येक माणूस आधी देवीला हात जोडायचा आणि मग त्या फटीत नख घालून बघायचा. "धाकूचा हात चुकला" हे वाक्य आधी दबक्या आवाजात झालं, मग पारावर झालं, मग बायका पाणी भरताना बोलू लागल्या. नदीपल्याडचे म्हणाले, मेस्त्रीनं आमचीच फळी मुद्दाम आखूड कापली, मधल्या आळीच्या सांगण्यावरून. फळी ओली होती हे कुणी म्हणालं नाही. धाकूही म्हणाला नाही, आणि मी महाडला होतो.

पुढच्या शिमग्याला त्यानं गावाकडे मागणं घातलं की रूपं पालखीत असतात त्या पाच दिवसांत पेटी माझ्या ताब्यात द्या, मी सांधे नीट करतो. फटींत जुन्या सागाच्या बारीक पाचरी बसवता येतात. पण झाकण टेकायचं तर चारही फळ्या एका उंचीच्या व्हायला हव्यात. म्हणजे बाकीच्या तीन फळ्या वरून दोन दोरे तासायच्या. बैठक बसली. वरच्या कोंडानं सांगितलं, आमची फळी चांगली आहे, तिला रंधा लावायचा नाही, ज्यांची कमी पडली त्यांनी भर घालावी. खालच्या कोंडानं तेच सांगितलं. आमच्या आळीनं तर आवाज चढवून सांगितलं. मग धाकू म्हणाला, बरं, पुढच्या फळीला वरून दोन दोऱ्यांची पट्टी जोडतो. त्यावर नदीपल्याडचे उठूनच उभे राहिले. आमच्या मानाच्या फळीला ठिगळ? कापली कुणी आणि ठिगळ कुणाला? दोन दोरे, म्हणजे पाव इंच, करंगळीच्या नखाच्या रुंदीएवढंही नाही असं लाकूड. त्यासाठी अख्खं गाव संध्याकाळपर्यंत भांडलं आणि पेटी होती तशी राहिली. मी त्या बैठकीला होतो. दोन वेळा बोलायला उठलो आणि दोन्ही वेळा आमच्या चुलत्यांनी सदरा ओढून खाली बसवलं. खोटं कशाला बोलू, बसवलं म्हणून मला बरंच वाटलं.

असे सात शिमगे गेले. दर वर्षी तो विचारायचा, दर वर्षी तीच बैठक, आणि पुढे पुढे लोक त्याला बघून आधीच हसायला लागले. गावातली कामं कमी झाली. दाराच्या चौकटी पोलादपूरच्या सुताराकडे जाऊ लागल्या. धाकूकडे नांगराचे फाळ ठोकायला, खाटेचे पाय बदलायला यायचे. एका लग्नात व्याह्यांना मान देताना कुणी तरी चारचौघांत म्हणालं की बाजूला सरा, मेस्त्रीला अंदाज येत नाही, धक्का मारील. सगळे हसले, धाकूही हसला. परतताना मी चिडून त्याला म्हटलं, "तू सांगत का नाहीस एकदा? फळी ओली होती म्हणून स्वच्छ सांग." तो चालता चालता थांबला. म्हणाला, "फळी हातात घेतली तवा माजी झाली, वामन्या. घ्यायच्या आदी बोलायचं असतंय." हे तो मला उद्देशून म्हणाला की स्वतःला, ते मी विचारलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

गेल्या माघात त्याच्या पोटात दुखायला लागलं. त्याची बायको, सगुणावहिनी, त्याला घेऊन महाडला माझ्याकडे आल्या, आठ दिवस राहिल्या. डॉक्टरांनी पोटाला हात लावून बघितलं आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, मुंबईला न्यायचं तर न्या, पण... त्या 'पण'च्या पुढचं त्यांना बोलावं लागलं नाही. मी घरात आलो तर धाकू भिंतीला टेकून बसला होता. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "मुंबईला नाय जायाचा मी. शिमगा कदी हाय?" मी सांगितलं, पंधरा-वीस दिवस. "तेवढं निघंल का, विचार डाक्टरला." मग म्हणाला, "मला ती पेटी एवढी नीट करून दे. मी गेल्यावर पोरंटोरं तिथं बोट दाखवतील रे. दुसरं काय नाय मागत." आयुष्यात त्यानं माझ्याकडे दोन गोष्टी मागितल्या. पहिली मी दिली नव्हती.

मी रजा काढून गावात गेलो आणि एकेका वाडीचा उंबरा झिजवला. वरचा कोंड, खालचा कोंड, आमची आळी. मरणाला टेकलेला माणूस मागतोय म्हटल्यावर कुणी नाही म्हणालं नाही. सात वर्षं जी गोष्ट बैठकीत सुटली नाही, ती ओटीवर बसून अर्ध्या दिवसात सुटली, याचा मला संताप आला. शेवटी नदी ओलांडून रामजीबाबांकडे गेलो. त्यांना सगळं सांगितलं. फळी ओली होती, धाकूनं मला निरोप द्यायला सांगितला होता, मी दिला नाही, हे सगळं. म्हातारा तंबाखू मळत ऐकत होता.

"ओली व्हती ते आमाला ठावं हाय, मास्तर," ते म्हणाले. "मीच तोडाया सांगितलं झाड. रागात व्हतो. वाटलं, मेस्त्री फळी परत धाडंल, मंग बसू भांडत. त्यानं धाडलीच नाय."

"मग बाबा, आठ वर्षं तुम्ही..."

"तो बोलला नाय, मंग आमी कशाला बोलू? वाडीचा मान हाय." मग तंबाखू तोंडात टाकून म्हणाले, "घ्या नीट करून. काय करायचं ते करा. पन ओल्या फळीचं चारचौघांत काडायचं नाय. शबूद द्या." धाकूला पेटी हवी होती, मला परवानगी हवी होती. मी शब्द दिला.

शिमग्याच्या तिसऱ्या दिवशी पालखी वरच्या कोंडात गेली. सगळं गाव ढोलांमागं तिकडं, देवळाच्या अंगणात चिटपाखरू नाही. धाकूला मी पाठीवर घेऊन आणलं, सगुणावहिनी मागून आधार देत होत्या. अंगात काही राहिलंच नव्हतं, पाठीवर माणूस आहे असं वाटेना. पेटी त्याच्यासमोर ठेवली. त्यानं रंधा हातात घेतला, एकदा पुढे ढकलला, रंधा इंचभर जाऊन थांबला. पुन्हा ढकलला. मग त्यानं तो माझ्यापुढे धरला. "तू मार. मी सांगतो." मी आयुष्यात खडू सोडून दुसरं हत्यार धरलेलं नाही. पण तो सांगत गेला आणि मी मारत गेलो. दाबू नकोस, टोकाकडून आत ये, आता उलटा फिर. दुपारपर्यंत तिन्ही फळ्या खाली आल्या. झाकण ठेवलं. टेकलं. चारही बाजूंनी टेकलं. धाकूनं कडेवरून बोट फिरवलं, पूर्ण एक फेरी, आणि सगुणावहिनींकडे बघून म्हणाला, "बसलं गो." वहिनींनी पदर तोंडाला लावला.

राहिल्या फक्त कोपऱ्यांतल्या पाचरी. त्या त्यानं घरी पडल्या पडल्या चाकूनं तासून ठेवल्या होत्या, कागदासारख्या पातळ. डाव्या कोपऱ्यातल्या बसल्या. उजव्यातली शेवटची अर्धी आत गेली आणि मी मोगरीचे दोन हलके ठोके दिले. "बास," धाकू म्हणाला. अगदी स्वच्छ म्हणाला, मी ऐकलं. पण पाचर अजून केसभर वर दिसत होती, वरच्या कोंडातले ढोल परत वळल्यासारखे वाटत होते, आणि एवढं झालं की संपलं असं माझ्या मनात होतं. मी आणखी एक ठोका मारला. टक् असा आवाज झाला आणि त्या दाताची शेपटी मुळापासून फाटून वर आली. आठ वर्षं ओल्या फळीनं जे केलं नव्हतं, ते मी एका ठोक्यात केलं. मला मोगरी खाली ठेवता येईना. "धाक्या..." मी म्हटलं, आणि पुढचं जे म्हणायचं होतं, आताचं आणि आठ वर्षांपूर्वीचंही, ते राहूनच गेलं. त्यानं फाटलेल्या दातावर बोट ठेवलं. मग डोळे मिटून म्हणाला, "मला घरी ने. ऊन लागतंय." दोन दिवसांनी रूपं पेटीत गेली, झाकण पडलं. आता पुढच्या शिमग्यापर्यंत त्या कोपऱ्याला हात लावता येणार नव्हता, आणि तोवर धाकू थांबणार नव्हता. तो त्यानंतर पाच आठवडे होता. मी दर रविवारी जायचो. पेटीचा विषय त्यानं काढला नाही, मला काढता आला नाही.

एका गोष्टीचं मला त्यातल्या त्यात समाधान होतं. वाटत होतं, परवानगी मागत मीच फिरलो होतो, निदान आता नाव मला ठेवतील. कोपरा मास्तरानं फोडला म्हणतील, आणि ते खरंही आहे. धाकूच्या नावावरचं ओझं आयतंच माझ्याकडे येईल. त्याचं महिन्याचं उरकून मी परवा देवळात गेलो तेव्हा मे महिन्याच्या रजेवर आलेला वरच्या कोंडातला एक गिरणीतला गडी आपल्या पोरांना पेटी दाखवत होता. आणखी चार-पाच जण होते. रामजीबाबा खांबाला टेकून बसले होते.

"ह्यो बघा," तो पोरांना सांगत होता, "धाकू मेस्त्री म्हनून एक कारागीर व्हता. एकदम फसक्लास. पन हितं हात चुकला. मरायच्या आदी रिपेर कराया बसला, तर अख्खं शेपूट फोडलान."

मी पुढे झालो. म्हटलं, कोपरा मी फोडला. रंधा मी मारला, मोगरी माझ्या हातात होती, तो बास म्हणाला तरी मी ठोका मारला. मग दिलेला शब्दही मोडला. म्हटलं, फळी ओली होती, त्याला माहीत होतं, त्यानं सांगितलं होतं, मी पोचवलं नाही. हे रामजीबाबा बसलेत, विचारा त्यांना. सगळ्यांनी तिकडे बघितलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं, तंबाखूची पिशवी कमरेला खोचली, काठी घेतली आणि पायऱ्या उतरून गेले. सगुणावहिनी घरी होत्या. मी म्हटलं, मेस्त्रीच्या बायकोला बोलवा, ती समोर होती. कुणी बोलवायला हललं नाही. गिरणीतला गडी माझ्याजवळ आला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, थट्टा नव्हती.

"समजतं मास्तर," तो माझ्या दंडाला हात लावून म्हणाला. "मेलेल्या दोस्ताचं झाकावं मानसानं. पन तुमी रंधा कशाला धराल?"

मी पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. ते सगळे माना डोलवत, मायेनं माझ्याकडे बघत उभे होते. मग त्यानं धाकट्या पोराला पुढे ओढलं आणि माझ्या पाया पडायला लावलं. "बघ," तो त्याला म्हणाला, "दोस्त असावा तर असा."